जागेचे थोडक्यात वर्णन

आमच्या घरामागचा ओढा मी शोधून काढला, असं गल्लीत म्हणतात. ते खरं नाही. मी तो फक्त लिहिला. शोधायचं म्हणजे घराबाहेर पडावं लागतं, आणि ते मला फारसं जमत नाही.

मला हवी होती एक खोली. खोली म्हणणंही जरा जास्तच होईल. चार भिंती, एक खिडकी, एक खुर्ची आणि माझी पुस्तकं मावतील एवढी जागा. पुस्तकं तोवर घरातल्या मागच्या खोलीत सुखानं राहत होती. पण मुलगी, जावई आणि त्यांची जुळी असं चौघांचं कुटुंब आमच्याकडे राहायला येणार होतं.

"पुस्तकं की नातवंडं, ठरवा," ही म्हणाली.

मी उत्तर द्यायला किंचित वेळ घेतला. तो घ्यायला नको होता.

"ती यायच्या आत खोली रिकामी झाली नाही, तर मी रद्दीवाल्याला बोलावते," ही म्हणाली आणि भाजी चिरू लागली. ही जे बोलते ते करते. आमचं लग्नही असंच झालं होतं.

तेव्हा परसात, कुंपणाला लागून, पुस्तकांसाठी खोली बांधायची असं मी ठरवलं. गवंड्याला बोलावलं. त्यानं जागा पाहिली, पायानं जमीन ठोकली आणि परत स्कूटरवर बसता बसता विचारलं, "कधी सुरू करायचं?"

"परवानगी मिळाली की," मी म्हणालो.

तो इतका हसला की त्याला स्कूटरवरून उतरावं लागलं.

डावीकडे दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी परसात व्यायामाच्या यंत्रासाठी खोली बांधली आहे. माणसाच्या तोंडात हत्यार घालून बोलायची सवय असल्यामुळे ते प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "काका, परवानगी कशाला हवी? नकोच. मी घेतली होती का? नाही. माझं काही बिघडलं का? काही नाही. गवंडी आणा, वीट आणा, रविवारी सुरू करा, पुढच्या रविवारी आत बसा."

उजवीकडे शिकवणीच्या बाई राहतात. मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून त्या तिथे गणित शिकवतात, आणि सगळ्या जगाशी ते नापास झाल्यासारखं बोलतात. त्यांनी भिंतीवरून विचारलं, "अर्ज करणार म्हणे तुम्ही? कुणी सांगितलं होतं?"

कुणीही सांगितलं नव्हतं. पण मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. मंजुरीची सही पाहिल्याशिवाय मी कधी एक पान पुढे सोडलं नाही, आता भिंत कशी सोडणार? शिवाय मला भीती वाटते. कशाची ते नेमकं सांगता येत नाही, पण गणवेशातला माणूस दिसला की मी आधी खिसे तपासतो.

अर्ज सोपा होता. नाव, पत्ता, लांबी, रुंदी. माझा घात केला तो सातव्या रकान्यानं. तिथे छापलं होतं, 'जागेचे थोडक्यात वर्णन', आणि खाली पाच रेघा मोकळ्या होत्या.

वाचकांनी माझ्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेली वर्णनं तपासली. त्यांच्या चांदण्या, त्यांचे डोंगर, त्यांच्या नायिकांचे केस, सगळं ओळीओळीनं वाचलं. मला मात्र कुणी कधी म्हणालं नाही की तुम्हीही करा हो एखादं वर्णन. आणि आता प्रत्यक्ष नगरपालिका विचारत होती.

मला पाच रेघा पुरल्या नाहीत. समासातही लिहावं लागलं.

आमच्या कुंपणापलीकडे एक चर आहे. गल्लीत त्याला गटार म्हणतात, आणि ज्यांचं नाक शाबूत आहे ते त्याहून वाईट काही म्हणतात. चार घरांच्या मोऱ्यांचं पाणी, धुण्याच्या यंत्रांचं पाणी आणि डॉक्टरांच्या टाकीतून ओसंडणारं पाणी त्यात जातं. मी लिहिलं: 'मागील अंगास एक चिंचोळा पण खळाळता ओढा असून त्याच्या काठावर झुडपांची गर्द सावली पडलेली असते. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाणी चमकत असता काठाशी एखादा बगळा ध्यानस्थ उभा दिसतो.' बगळा म्हणजे खरं तर झुडपात अडकलेली पांढरी पिशवी होती. पण चष्मा नसताना ती ध्यानस्थच दिसते.

खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज घेतला, सातव्या रकान्यापाशी थांबला आणि मोठ्यानं वाचू लागला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं ऐकू लागली. एक बाई चहाचा कप घेऊन जवळ आल्या. माझं लेखन जाहीरपणे वाचलं जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. माझे कान गरम झाले. बगळ्यापाशी तर एकजण 'वा' म्हणाला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी पुस्तकांची खोली मिळाली नसती तरी मला चाललं असतं.

आणि नेमकं तेच झालं.

"ओढा आहे म्हणजे बफर आला," कारकून म्हणाला.

"बफर म्हणजे?"

"संरक्षक पट्टा. ओढ्याच्या काठापासून नऊ मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. पाण्याला जागा हवी, झाडांना जागा हवी, पूर आला तर त्याला पसरायला जागा हवी. तुमची खोली काठापासून किती लांब?"

"हात लांब केला तर ओढ्याला लागतो," मी म्हणालो. हेही नको होतं बोलायला. पण कारकुनानं इतकं मन लावून वाचलं होतं, त्याच्याशी खोटं बोलणं जिवावर आलं.

इथवर नुकसान माझं एकट्याचं होतं. पण आतल्या खोलीतून एक उंच, बारीक इंजिनिअर धावत आला. त्याच्या हातात जुना नकाशा होता आणि त्यावर एक निळी रेघ होती. "आजोबा," तो म्हणाला, "हा ओढा आमच्याकडे नकाशात आहे, पण जागेवर सापडत नव्हता. माझ्या आधीचे दोन साहेब शोधता शोधता रिटायर झाले. तुम्ही देवासारखे भेटलात."

मला कुणी आजोबा म्हटलेलं आवडत नाही. मी तसं त्याला स्पष्ट सांगितलं, पण मनात.

आठवड्याभरात गल्लीतल्या घराघरात नोटीस आली. ओढ्याच्या संरक्षक पट्ट्यात बांधकाम केल्याचं आढळून येत असून प्रत्यक्ष पाहणीअंती ते पाडण्यात का येऊ नये, वगैरे. आधाराला माझ्या अर्जातली वाक्यं दिली होती. बगळ्यासकट.

डॉक्टर नोटीस घेऊनच आले. "काका, ओढा? कुठे आहे ओढा? नाहीये. काय आहे? गटार आहे. गटाराला बगळा येतो का? कधीच नाही."

"पिशवी होती ती," मी म्हणालो.

"मग पिशवी लिहायची."

शिकवणीच्या बाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. "माझ्याकडे असता ना," त्या म्हणाल्या, "तर हा निबंध तुमच्याकडून दहा वेळा लिहून घेतला असता. गटारावर."

ही दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, आमच्या लग्नानंतर ह्यांनी मला पाठवलेल्या पत्रात चार ओळी होत्या. त्यातही दोन हवामानाबद्दल. आणि नगरपालिकेला पाहा काय लिहिलंय." त्या दिवशी मला कुणाकडूनही चहा मिळाला नाही.

दरम्यान मुलगी आली. पुस्तकं बोळात, जिन्याखाली आणि न्हाणीघराच्या दारापर्यंत पसरली. मी मोठ्या शब्दकोशाला पाळण्याखाली सुरक्षित जागा दिली होती, पण जुळ्यांपैकी धाकट्यानं तो 'अ'पासून खायला सुरुवात केली. ही रोज सकाळी रद्दीवाल्याचा नंबर मोठ्यानं शोधायची. सापडला की पुन्हा शोधायची. तेवढी दया तिच्यात होती.

डॉक्टरांनी शेवटी एक युक्ती काढली. पाहणीच्या दिवशी चर कोरडा ठणठणीत दिसला पाहिजे. त्यातलं पाणी म्हणजे आपल्याच घरांचं पाणी. तेव्हा आदल्या दिवसापासून कुणी धुणं धुवायचं नाही, मोरी वापरायची नाही, टाकी ओसंडू द्यायची नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरात सांगावं.

हिला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. मी सांगितलं. म्हणजे सांगायला स्वयंपाकघरात गेलो. तिनं मागे न बघता "काय?" असं विचारलं. आणि मी "काही नाही" म्हणालो. आमच्या घरातले बरेचसे महत्त्वाचे विषय असेच निकालात निघतात.

पाहणीच्या सकाळी चर खरोखरच कोरडा होता; आमच्या एका घराचं आदल्या दिवशीचं पाणी उन्हात आटून गेलं होतं. तळाची माती भेगाळलेली, झुडपं धुळकट, पिशवी डॉक्टरांनी स्वतः काठीनं काढून टाकलेली. इंजिनिअर गुडघ्यापर्यंत बूट घालून आला होता. तो चरात उतरला आणि त्याचा चेहरा पडला. मला त्याचं वाईट वाटलं. त्याला ओढा हवा होता, मला खोली हवी होती, आणि आम्हा दोघांपैकी एकालाच काहीतरी मिळणार होतं.

"आजोबा, खळाळता कुठाय?" त्यानं विचारलं.

"ते जरा..." मी म्हणालो, "साहित्यिक होतं."

"बघा," डॉक्टर म्हणाले, "पाणी आहे का? नाही. ओलावा आहे का? तोही नाही. मग ओढा आहे का?"

याचं उत्तर डॉक्टरांना देता आलं नाही. आमच्या कुंपणाखालच्या पाइपानं एक घुर्र असा आवाज केला. घरात पाहुणे, म्हणून हिनं त्या दिवशी सगळ्या घराचे पडदे धुवायला काढले होते. आधी थोडं पाणी आलं, मग बरंच आलं, आणि मग फेसाचा एक पांढरा, भरगच्च लोट डौलात वळण घेत इंजिनिअरच्या बुटांपाशी आला. सकाळचं कोवळं ऊन होतं. पाणी चमकत होतं. फेसाचा एक गोळा काठाशी थांबला, आणि देवाशपथ सांगतो, तो बगळ्यासारखा दिसत होता.

"खळाळता," इंजिनिअर हळूच म्हणाला.

"अहो, हे धुण्याचं पाणी आहे," डॉक्टर ओरडले. "साबण दिसत नाही का तुम्हाला?"

"पाणी कुठलं आहे ते दुसरं खातं बघतं," इंजिनिअर म्हणाला. "आमचं खातं फक्त पाणी आहे की नाही एवढंच बघतं."

मग त्यानं फीत काढली. काठापासून नऊ मीटर मोजत गेला. डॉक्टरांची व्यायामाची खोली पूर्ण पट्ट्यात. माझी नसलेली खोलीही पूर्ण पट्ट्यात. शिकवणीच्या बाईंच्या बाजूला मात्र चर जरा पलीकडे वळतो, त्यामुळे त्यांची शेड वीतभर बाहेर राहिली. बाईंनी अंतर दोनदा मोजून घेतलं. आणि मग वळल्या तेव्हा त्या वेगळ्याच बाई होत्या.

"नियम म्हणजे नियम," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "ओढे राहिले नाहीत तर पुढच्या पिढीला काय दाखवायचं? व्यायामाचं यंत्र?"

चार दिवसांनी दुसऱ्या खात्याची नोटीस आली. ओढ्यात साबणाचं पाणी सोडू नये, सर्वांनी मोऱ्या भुयारी गटाराला जोडून घ्याव्यात. गल्ली खणली गेली. माझ्याशी बोलायचं आता कुणी उरलं नव्हतं. अपवाद गवंड्याचा. तो रोज येऊन "मिळाली का?" एवढंच विचारायचा आणि स्कूटर चालू ठेवून हसायचा.

माणसं बोलायची थांबली की मी वाचतो. वाचायला हाताशी काही उरलं नव्हतं, कारण पुस्तकांच्या थप्प्यांवर पाळणा ठेवला होता. तेव्हा मी नगरपालिकेतून बांधकामाच्या नियमांचं पुस्तक आणलं. लोक त्याला कंटाळवाणं म्हणतात, पण मी त्याहून वाईट कादंबऱ्या तपासल्या आहेत. यात निदान कुणी उगाच रडत नाही. आणि त्यात शेवटी शेवटी, जिथे सहसा कुणी पोचत नाही, तिथे लिहिलं होतं की संरक्षक पट्ट्यात काय चालेल. झाडं चालतील. पायवाट चालेल. बाक चालेल. आणि 'प्रवाहातील पाण्याची पातळी मोजण्यासाठी एक लहान खोली, तसेच तीत आवश्यक ती उपकरणे व पुस्तके' चालतील.

मी ते वाक्य हिला वाचून दाखवलं. "आवश्यक पुस्तके," मी पुन्हा म्हणालो. तीस वर्षं आमच्यात ज्या मुद्द्यावर वाद होता, त्यावर अखेर नियमच बोलला होता.

इंजिनिअरला आनंद झाला. ओढा मोजायला माणूस मिळतच नसे. "पण आजोबा, मानद," तो म्हणाला. म्हणजे फुकट. मी आयुष्यात प्रथमच मानद झालो होतो, मी होच म्हणालो. "आणि किती पुस्तकं आवश्यक ते नियमात नाही," तो पुढे म्हणाला, "त्यामुळे मी मोजणार नाही."

फक्त एक अट होती. डॉक्टरांनी वर अपील केलं होतं, आणि वरून उत्तर आलं होतं: पावसात काय, जिन्यावरूनही पाणी वाहतं. तेव्हा पावसाळा संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत रोज पाहावं. निम्म्याहून जास्त दिवस पाणी दिसलं तर तो ओढा. मग निळी रेघ कायम, पट्टा कायम, डॉक्टरांची खोली जाणार. नाही दिसलं तर रेघ पुसायची, डॉक्टरांची खोली राहणार, आणि मोजण्यासारखं काहीच नसल्यामुळे माझी मोजणीची खोली पाडायची.

गवंडी आला. या वेळी तो हसला नाही. सरकारी परवानगी असलेलं काम त्यानं याआधी केलं नव्हतं, त्यामुळे विटांच्या प्रत्येक थराआधी तो परवानगीवरचा शिक्का पाहून यायचा. खोली उभी राहिली. खिडकीतून चरात रोवलेली, आकडे रंगवलेली पट्टी दिसायची. पाळणा खाली उतरला, पुस्तकं वर चढली. 'अ' नसलेला शब्दकोश मी मधल्या फळीवर ठेवला. पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसून काहीही वाचलं नाही. नुसता बसलो.

पाऊस गेला. आणि चर कोरडा पडला.

पडणारच होता. सगळ्या मोऱ्या बंद झाल्या होत्या. रोज सकाळी मी खिडकीतून पट्टीकडे बघायचो आणि तक्त्यात शून्य मांडायचो. आठवडा गेला, पंधरवडा गेला. सगळी शून्यं. डॉक्टर आता पुन्हा बोलू लागले होते. "काका, काय म्हणतोय ओढा? काही नाही. कोरडा का? कोरडा." मग ते आपल्या खोलीत जायचे आणि यंत्रावर धावल्याचा आवाज करायचे. फक्त आवाज, कारण ते हातानं पट्टा फिरवायचे. ते मला खिडकीतून दिसायचं.

रद्दीवाल्याचा विषय हिनं काढला नाही. पण मी काही पुस्तकं पुन्हा वाचून घेऊ लागलो. निरोप घ्यावा तशी.

मग एका सकाळी पट्टीपाशी पाणी होतं. फार नाही, दोन बोटं. मी चष्मा पुसून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्या दिवशीही. मला भरून आलं. वाटलं, हा खरंच ओढा होता. कुठेतरी वर, डोंगरात नाही तर निदान पाण्याच्या टाकीपलीकडे, त्याचा झरा होता आणि आपण त्याच्यावर उगाच मोऱ्या सोडल्या होत्या. मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, फक्त जरा आधी लिहिलं होतं.

एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर खोलीत गेलो, पाणी येताना बघावं म्हणून.

कुंपणापाशी ही उभी होती. हातात बादली. पाणी ओतून झालं होतं, आणि ती शेवटचे थेंब झटकत होती, कुंडीला घालताना झटकते तसे.

मी खिडकी उघडली.

"बघता काय," ही म्हणाली, "ती पुस्तकं मी परत घरात घेणार नाही. सांगून ठेवते."

"पण हे पाणी..."

"भाज्या धुतलेलं आहे. साबणाचं नाही. नोटीस वाचलीय मी."

तेवढ्यात डावीकडच्या कुंपणावरून आणखी एक बादली आली आणि चरात रिकामी झाली. बादलीमागे डॉक्टरांची बायको होती. मला पाहून ती जराही दचकली नाही.

"काका, आमच्याकडे तीन वर्षं त्या यंत्रावर कपडे वाळताहेत," ती म्हणाली. "ती खोली पाडली की मला तिथे झाडं लावायची आहेत. ह्यांना सांगून काही होत नाही, नोटिशीनं तरी होईल." मग ती हिच्याकडे वळली. "काकू, उद्या माझी पाळी ना?"

"उद्या तुझी," ही म्हणाली. "परवा शिकवणीच्या बाईंची. त्यांनी स्वतःहून नाव दिलंय."

दोघी आपापल्या घरी गेल्या. मी टेबलापाशी बसलो. मी प्रामाणिक माणूस आहे, म्हणजे अप्रामाणिकपणा करायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. पट्टीकडे पाहिलं. दोन बोटं, चोख. पाणी कुठलं ते दुसरं खातं बघतं. आमचं खातं फक्त आहे की नाही एवढंच बघतं. मी 'दोन बोटे' लिहिलं.

पुढचा रकाना होता शेऱ्याचा. मोकळा, चांगला रुंद. सकाळचं ऊन नुकतं चरात उतरत होतं. पाणी चमकत होतं. झुडपात नवी पांढरी पिशवी येऊन अडकली होती आणि चष्म्यातूनसुद्धा ती ध्यानस्थ दिसत होती. मी पेन उचललं. बराच वेळ धरून ठेवलं.

मग लिहिलं: 'ओले.'